ठोकेमास्तर आणि चौदा नंबरची गाडी

बसच्या चाकाचा नट घट्ट असला की हातोडीखाली खणखणीत बोलतो, आणि ढिला असला की बद्द आवाज येतो. ठोकेमास्तरांकडे पदवी-बिदवी काही नव्हती, पण हे एक ज्ञान त्यांच्याइतकं पक्कं आगारात दुसऱ्या कुणाला नव्हतं. मी तिथे तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कुठली गाडी किती वाजता सुटायची आणि का सुटली नाही, याचा जाब देणारी बाई. कॉलेज शिकलेली म्हणून मला खिडकीमागची खुर्ची मिळाली होती. प्रत्यक्षात काम एकच, घड्याळाकडे बघून ओरडायचं.

मास्तर टायर विभागात होते. बुटके, रुंद, कोपरापर्यंत काळे. जेवायचेसुद्धा उभ्याने. "बसलेला टायरवाला म्हणजे हवा गेलेला टायरवाला," असं म्हणायचे. गाडी सुटायच्या आधी तिच्याभोवती त्यांचा एक फेरा व्हायचा. पुढची दोन चाकं, मागे दोन बाजूंना जोडचाकं. चार जागी दहा-दहा नट. चाळीस ठोके, चार मिनिटं. नट आवळला की त्यावरून रिमपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवत. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला. रेघ दिसत असताना ठोकायचं कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, डोळ्यांनी बघितलं ते डोळ्यांना पटतं. हाताला वेगळं पटवावं लागतं."

पण मास्तरांना आगारात मान होता तो नटांमुळे नव्हे, मंगळवारमुळे.

त्याची गोष्ट अशी. खूप वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरच्या चालत्या गाडीतून एक बाई उतरायला गेली आणि पडली, ती गेलीच. ड्रायव्हर निर्दोष सुटला, कामावर आला, आणि दुपारी टायरच्या गोदामात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आगारात तेवढी एकच जागा होती जिथे कुणी फिरकत नसे. मास्तरांनी त्याला काही विचारलं नाही. एक फुटकी ट्यूब दिली, कानस दिली आणि म्हणाले, "घास." ठिगळ चिकटण्याआधी ट्यूबचं रबर घासून खरखरीत करावं लागतं. कंटाळवाणं काम. त्या माणसाने दोन तास ट्यूबा घासल्या आणि तिसऱ्या तासाला बोलायला लागला. पुढच्या मंगळवारी तो आणखी एकाला घेऊन आला.

तेव्हापासून दर मंगळवारी चार वाजता, ज्याच्या हातून किंवा ज्याच्या डोळ्यांदेखत काही वाईट घडलं आहे असे पाच-सात जण तिथे बसून ट्यूबा घासायचे. नियम तीन. हात थांबवायचे नाहीत. इथलं गेटबाहेर न्यायचं नाही. आणि अपघात कसा झाला, चूक कुणाची, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याचं त्याने सांगितलं तर सांगितलं. याशिवाय एक रीत होती, सोबतीची. अपघातानंतर ड्रायव्हर पुन्हा गाडीवर चढला की पहिले दहा दिवस त्याच्या मागच्या सीटवर गोदामातला एक जण बसायचा. बोलायलाच पाहिजे असं नाही. नुसतं बसायचं. कुणी कुणाबरोबर बसायचं ते मास्तर ठरवायचे, आणि मी माझ्या तक्त्यात त्या माणसाची ड्यूटी त्याप्रमाणे हलवायची. कुरकुरत हलवायची, पण हलवायची.

माझी खिडकी आणि ते गोदाम यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती, त्यामुळे ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं. गेटबाहेर न्यायचं नाही हा नियम मी आज मोडते आहे तो मास्तरांना आणि आणखी एकाला विचारून. दोघेही म्हणाले, लिहा. एक जण म्हणाला, "फक्त मला उंच लिहू नका, लोकांना आधीच दिसतं."

तो म्हणजे शिडी. चौदा नंबरचा ड्रायव्हर. इतका उंच की आरशात त्याला स्वतःची हनुवटी दिसायची. थट्टेखोर, वक्तशीर. वक्तशीर म्हणून माझा लाडका, हे कबूल करायला काय हरकत आहे!

मंगळवार सुरू होऊन बारा वर्षं झाली त्या वर्षी, भर सकाळी, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर शिडीच्या गाडीचा पुढचा टायर फुटला. गाडी फुटपाथवर चढली आणि थांब्यावर उभे असलेले एक निवृत्त शिक्षक जागच्या जागी गेले. चौकशी झाली. रस्त्याच्या कामातली एक लोखंडी सळई वर आली होती, तिने टायर चिरला. ड्रायव्हरचा दोष नाही, देखभालीचा दोष नाही. अहवाल चार पानांचा होता, तो मी स्वतः वाचला. शिडीला पाच आठवड्यांची रजा मिळाली. दोन आठवडे तो घरात कोंडून बसला आणि तिसऱ्या मंगळवारी वाकून गोदामाच्या दारातून आत आला. मास्तरांनी त्याला ट्यूब दिली. नेहमीसारखंच, "घास."

नेहमीसारखं नव्हतं ते एवढंच की मास्तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. पुढच्या मंगळवारी पाच मिनिटं थांबले आणि "गाडी आली वाटतं" म्हणत बाहेर पडले. गाडी आली नव्हती. कुठली गाडी कधी येते हे मला विचारा.

त्याच दिवसांत ठोक्यांचं सुरू झालं. आधी एका फेऱ्याचे दोन झाले. मला वाटलं, जरा घाबरला असेल माणूस, होतं. मग चार. मग एके दिवशी मी मोजले, नऊ. नऊ फेरे, तीनशे साठ ठोके, आणि आठची गाडी साडेआठला सुटली. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून ओरडत होते.

"अहो मास्तर, गाडी आहे की घंटा?"

"चाकं ठेवा तुमच्याकडे, आम्ही चालत जातो!"

मास्तरांच्या कानावर काही जात नव्हतं. चेहऱ्यावर घाम, ओठ हलताहेत, एकोणचाळीसपर्यंत आले की मध्येच थबकायचे, मान हलवायचे आणि पहिल्यापासून सुरू.

मी बाहेर गेले. "मास्तर, रेघा बघा. चाळीसच्या चाळीस रेघा जागेवर आहेत."

"दिसताहेत, बाई."

"मग?"

"दिसताहेत म्हणून काय झालं?"

बरं, टायर फुटला होता, नट सुटला नव्हता. नटांचा त्या अपघाताशी सुतराम संबंध नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण हे कळायला मास्तर काही खुळे नव्हते. त्यांना कळत होतं, आणि तरी हात थांबत नव्हता. ते मला जास्त अस्वस्थ करत होतं.

त्यांची बायको मला फोन करायची. आम्ही सगळे तिला वहिनीच म्हणायचो.

"बाई, घरी पण तेच चाललंय. कुलूप लावलं की चार पावलं जातात आणि परत. ओढून बघतात. परत चार पावलं. माझ्या बहिणीकडे निघालो होतो परवा, गल्लीच्या तोंडाशी पोचायला तास लागला. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही बसा इथेच कुलपापाशी, मी जाऊन येते."

"झोपतात का?"

"पडतात. झोपत नाहीत. कूस बदलायची म्हटली तरी आधी उठून गॅस बघून येतात."

"वहिनी, आरोग्य केंद्रात त्या समुपदेशक बाई आहेत ना—"

"सांगून झालं. म्हणतात, ती आमच्याच गोदामात येते, तिच्यासमोर मी कसा बसू? डॉक्टरने रांगेत उभं राहायचं का?"

आरोग्य केंद्रातली ही बाई म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी. वर्षभरापूर्वी एक आड एक मंगळवारी आगारात यायला लागली, तेव्हा मी तिला फार किंमत दिली नव्हती. पहिल्या दिवशी तिने भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं एक पोस्टर लावलं आणि मास्तरांनी त्याच्यावर टायर रचले. पण मुलगी चिवट. पोस्टरचा विषय काढला नाही, ट्यूबला ठिगळ लावायला शिकली. तिच्या हातचं ठिगळ सुटत नाही असं नंतर मास्तरच सांगायचे.

इकडे आगार व्यवस्थापकांचं पत्र आलं. गाड्यांना उशीर होत राहिला तर महिनाअखेर मास्तरांना टायर विभागातून काढून भंगार यार्डात पाठवण्यात येईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. भंगार यार्डात चाकं नसतात. तिथे हा माणूस काय ठोकणार? स्वतःचं डोकं?

मी विचार केला, आपणच काहीतरी केलं पाहिजे. आणि जे केलं ते शिकल्या-सवरलेल्या बाईला शोभणारं नव्हतं. मी त्यांची हातोडी उचलली, माझ्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. ना रहेगा बांस, म्हणतात ना. मला वाटलं, दोन दिवस तडफडतील, तिसऱ्या दिवशी सुटतील. मुलांचं अंगठा चोखणं सोडवतात तसं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, हजेरीची सही केली आणि दहा वाजले तरी कुठे दिसेनात. गोदामात नाहीत, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात नाहीत, पंपावर नाहीत. वहिनींना फोन केला तर त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. अकराच्या सुमारास चौदा नंबरच्या कंडक्टरचा फोन आला. शिडी रजेवर, त्यामुळे गाडीवर बदली ड्रायव्हर होता.

"बाई, मास्तर आमच्या मागे चालताहेत."

"मागे म्हणजे?"

"मागे म्हणजे मागे! गाडी थांबली की मागून येतात आणि दगडाने चाक ठोकतात. दोन-तीन चाकं होईतो आम्ही निघतो. सिग्नलला परत गाठतात. मी म्हटलं, मास्तर, वर तरी चढा. तर म्हणतात, वर बसून चाक कसं दिसणार?"

आगारापासून शेवटचा थांबा नऊ किलोमीटर. हा माणूस नऊ किलोमीटर बसच्या मागे धावत-चालत गेला होता. मी खिडकी सहायकाच्या ताब्यात दिली आणि समुपदेशक मुलीला फोन लावला. चिडूनच लावला.

"तुम्ही त्यांना ओढून आणायला जाऊ नका," ती म्हणाली. "नुसतं जाऊन बसा. आणि बाई, रागावू नका, पण हातोडी कुणी काढून घेतली?"

मी फोन ठेवला आणि शेवटच्या थांब्याची बस पकडली.

शेवटच्या थांब्यावर मास्तर फुटपाथच्या कडेला बसले होते. बसलेले मास्तर मी पहिल्यांदा पाहत होते. एक बूट काढलेला, टाच सोललेली, मुठीत दगड. मी बाजूला बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले.

"चला म्हणायला आला असाल," ते म्हणाले.

"नाही. पाय दुखताहेत, म्हणून बसलेय."

बराच वेळ गाड्या येत-जात राहिल्या. प्रत्येक गाडीच्या चाकाबरोबर त्यांची मान फिरायची.

"चाक मी बसवलं होतं, बाई," मग ते म्हणाले. "अपघाताच्या तीन दिवस आधी. तोच टायर. मीच निवडला, मीच चढवला."

"अहवालात—"

"अहवाल मलाही वाचता येतो. सळई होती. पण दुसरा टायर असता तर? जाड होता एक, ठेवून दिला मी, म्हटलं पावसाळ्यात काढू. तो चढवला असता तर सळईने फाटला नसता. कदाचित. हे कदाचित जात नाही हो. इथे बसलंय." त्यांनी दगडाने कपाळावर टकटक केलं.

"शिडीला सांगितलं हे?"

"कसं सांगू? त्याने विचारलं नाही."

"मग तुम्ही विचारा त्याला, काय वाटतं म्हणून."

"गोदामात विचारायचं नाही असा नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझाच."

त्यावर आम्ही दोघंही हसलो. फार नाही. बारा वर्षं हा माणूस लोकांना न विचारता बरं करत आला होता, आणि आता त्यालाच कुणी विचारत नव्हतं. मला तर असा संताप आला त्या नियमाचा! पण तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हातोडी द्याल का परत?" मी हो म्हटलं.

पुढच्या मंगळवारी मास्तर गोदामात गेलेच नाहीत. पत्र्यापलीकडे नुसता कानशींचा आवाज येत होता. मला वाटत होतं, उठावं, आत जावं आणि शिडीला तोंडावर सांगून टाकावं. मी खुर्चीतून उठलेही होते. समुपदेशक मुलगी दारातच भेटली. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं.

"बाई, ते सांगणं त्यांचं आहे. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं होईल."

"आणि तोवर मी काय करू? महिना संपायला अकरा दिवस उरलेत."

"तुमचं जे काम आहे ते. ड्यूट्या लावा."

उर्मट वाटलं मला. पण ड्यूट्या लावायला बसले, तर शिडीची रजा सोमवारी संपत होती आणि त्याच्या नावापुढे सोबतीची जागा कोरी होती. ती भरायचे मास्तर. मी पेन घेऊन बसले असतानाच खिडकीत अंधार झाला. शिडी वाकून आत बघत होता.

"बाई, माझी सोबत मास्तर करतील."

"मास्तर? अरे, त्यांनाच सोबत लागायची वेळ आली आहे."

"म्हणूनच. एका मंगळवारी ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, दुसऱ्या मंगळवारी पळाले, तिसऱ्याला आलेच नाहीत. त्यांना वाटतं, मला पाठ वाचता येत नाही." मग म्हणाला, "आणि खरं सांगू? मला दुसरा कुणी नकोय. दुसरा कुणी असला तर मी चढणार नाही गाडीवर."

हे त्याने थट्टेत म्हटलं नव्हतं.

मास्तर आधी नाहीच म्हणाले. गाडीत बसलं की चाक दिसत नाही, हे त्यांचं पालुपद. मग समुपदेशक मुलीने तोड काढली. सुटण्याआधी मनासारखं ठोकून घ्या. त्यानंतर वाटेत उतरावंसं वाटलं की अडवणार कुणी नाही, फक्त एक थांबा पुढे ढकलायचं. या थांब्याला नाही, पुढच्या. "थांबवायचं नाही, लांबवायचं," ती म्हणाली. "आणि गुरुवारी केंद्रात डॉक्टरांकडे यायचं. मी रांगेत उभी राहीन तुमच्याबरोबर, म्हणजे डॉक्टरने रांगेत उभं राहायचा प्रश्नही मिटेल." वहिनींनी तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

सोमवारी दुपारची दोनची खेप. मी मुद्दामच कमी गर्दीची दिली. पाच फेरे झाले, आम्ही वीस मिनिटं उशिरा निघालो, आणि मी तिसऱ्या सीटवर बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. शिडी स्टिअरिंगवर, मास्तर त्याच्या मागे, हातोडी मांडीवर उभी धरलेली. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, ती खाली ठेवा, प्रवासी तिकीट न मागता काढायला लागलेत."

पहिल्याच थांब्याला मास्तर उठले.

"पुढच्या थांब्याला," शिडी आरशात न बघताच म्हणाला.

दुसऱ्याला उठले. "पुढच्या." तिसऱ्याला अर्धेच उठले. चौथ्याला एक म्हातारी पिशव्या सावरत चढत होती, तिने विचारलं, "उतरायचंय का तुम्हाला? मग उतरा ना, मला बसू द्या."

"पुढच्या थांब्याला उतरणार आहेत ते, आजी," शिडी म्हणाला.

"मग उठून उभे राहा आत्तापासूनच," आजी म्हणाल्या आणि खरंच मास्तरांच्या शेजारी घुसून बसल्या.

मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. प्रत्येक गचक्याला त्यांचे डोळे खाली जात, जणू गाडीच्या तळातून चाक दिसणार आहे. मी घड्याळ बघत होते आणि घड्याळात काहीच दिसत नव्हतं. मग पाण्याची टाकी दिसायला लागली आणि गाडीचा वेग कमी कमी होत गेला. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. मागून हॉर्न सुरू झाले.

"मास्तर," शिडीचा आवाज फाटला. "काहीतरी बोला. काहीही बोला. माझे हात सुटताहेत."

आणि मास्तर बोलले. बरोबर वळणाच्या तोंडावर, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ते चाक मी बसवलं होतं!"

"आत्ता?" शिडी किंचाळला. "आत्ता सांगताय? वळण तरी संपू द्या की!"

गाडी वळली. थांबा गेला, टाकी गेली, आणि शिडीने पलीकडे झाडाखाली गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. मागे वळून बघायला त्याला पूर्ण कमरेतून फिरावं लागलं.

"माहीत आहे मला. आगारातली सगळी चाकं तुम्हीच बसवता. दुसरं कोण बसवणार, या बाई?"

"जाड टायर होता एक. मी ठेवून दिला."

"असेल."

"तो लावला असता तर—"

"मास्तर, मी ब्रेक दाबला." शिडी हे अगदी हळू म्हणाला. "पुढचा टायर फुटला की ब्रेक दाबायचा नाही, गाडी नुसती धरून ठेवायची, हे मला वीस वर्षांपूर्वी शिकवलंय. नवीन मुलांना मी शिकवतो. आणि मी दाबला. चौकशीत कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुमच्या गोदामात तर विचारायचंच नाही."

मला वाटलं, आता मास्तर तेच म्हणतील जे आपण सगळे म्हणतो. जाऊ दे, तुझी चूक नाही, कुणाच्याही हातून झालं असतं. मी तर तोंड उघडलंच होतं. पण मास्तरांनी ठोकून बघावं तसा प्रश्न टाकला.

"किती जोरात दाबलास?"

"पूर्ण. तळापर्यंत."

"मग?"

"मग गाडीने डावीकडे ओढलं. ते सर उभे होते. त्यांनी हात केलेला होता मला, मास्तर. थांब्यावर माणूस करतो तसा, थांब म्हणून. मी थांबणार आहे असंच वाटलं असेल त्यांना."

"मग?" मास्तर म्हणाले. आणि शिडी सांगत गेला.

आजींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे दिली. "पी आधी," म्हणाल्या. "आणि मग सांग. मला काही घाई नाही." मागच्या एका गृहस्थांना घाई होती. ते खाली उतरून रिक्षा बघायला गेले, आणि जाताना दार हळूच लावलं. नाहीतर आमच्या मार्गावर दार आपटल्याशिवाय कुणी उतरत नाही.

किती वेळ गेला ते मी नोंदवलं नाही. शेवटच्या थांब्यावर पोचल्यावर मास्तर उतरले आणि त्यांनी चाकं ठोकली. दोन फेरे. मी मोजत होते, खोटं कशाला सांगू. दोन फेरे झाल्यावर तिसऱ्याला सुरुवात केली, सातव्या नटापाशी थांबले आणि शिडीला म्हणाले, "तू म्हणालास डावीकडे ओढलं. लगेच की जरा वेळाने?"

एका खेपेने कुणी बरं होत नाही. ज्यांना तसं लिहायला आवडतं त्यांनी लिहावं. मास्तर गुरुवारी केंद्रात गेले, गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस गोळ्यांनी त्यांचं तोंड कोरडं पडायचं आणि चिडचिड माझ्यावर निघायची. फेरे कधी दोन, कधी सहा. व्यवस्थापकांकडे मी आणि ती मुलगी दोघी गेलो. तिने डॉक्टरांचं पत्र ठेवलं, मी नवं वेळापत्रक ठेवलं. त्यात प्रत्येक सुटण्याआधी आठ मिनिटं तपासणीसाठी धरली होती. वेळापत्रकात हवा भरल्याबद्दल त्यांनी मला तासभर सुनावलं. मी ऐकून घेतलं. भंगार यार्डाचं पत्र मागे घेतलं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. म्हणजे टांगती तलवार होतीच. शिडीने चौकशी अधिकाऱ्यांना ब्रेकबद्दल स्वतःहून पत्र लिहिलं. त्याचं उत्तर यायचं होतं, आणि ते कसं येईल याची त्याला धास्ती होती. तोवर तो गाडी चालवत होता, मास्तर मागे बसत होते. दहा दिवसांचे वीस झाले तरी मी काही बोलले नाही.

मंगळवारी मात्र गोदामात बराच गोंधळ झाला. मास्तरांनी तिसरा नियम मोडीत काढल्याचं जाहीर केलं आणि निम्मे लोक भडकले. एक जण म्हणाला, मी त्या नियमाच्या भरवशावर इथे येतो. दोघांनी येणं बंद केलं, त्यातला एक महिन्याने परतला. दुसरा अजून आलेला नाही. मास्तरांना ते लागलं. शेवटी असं ठरलं की विचारायचं, पण उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

त्यानंतर पहिल्यांदा जी आली ती आमची नवी ड्रायव्हर बाई. तिच्या गाडीखाली येता येता रस्ता ओलांडणारं एक जोडपं थोडक्यात वाचलं होतं, पण तिची झोप उडाली होती. मी पत्र्यापलीकडे होते. ट्यूब तिच्यापुढे टाकल्याचा आवाज आला.

"घास. आणि काय झालं ते सांग."

"पुढच्या वेळी सांगते, मास्तर."

"बरं. पण गुरुवार सोडून कधीही सांग. गुरुवारी मला दवाखान्यात जायचं असतं."

"काय झालंय तुम्हाला?"

"डोक्याचं आहे."

"मग तुम्ही माझं काय ऐकणार?"

"का? कानांना काय झालंय?" मास्तर म्हणाले. "जोरात घास. असं नाही, इकडून. हां. कुठल्या चौकात?"